साचणीची माती

आंबेसडा या धनगरवाड्याच्या माथ्यावर जिकडेतिकडे काळा कातळ आहे. त्यात एका खोलगट जागी तेवढी माती आहे. तिला साचण म्हणतात. साचण म्हणजे काय, असे पाहुण्यांनी विचारले की गेनूबाबा झोरे आधी खाली बसून दम खातात, मग सांगतात.

फार मागे, म्हणे, इथे चिमूटभरही माती नव्हती. माणूस गेले की पुरायला खालच्या गावाच्या हद्दीत न्यावे लागे आणि तिथल्यांची बोलणी खावी लागत. वाड्यावरच्या ठकूची सासू अंथरुणाला खिळली होती. ती म्हणाली, "मला खाली नको गं नेऊस. जन्मभर त्यांचं ऐकलं, आता मेल्यावर तरी नको." ठकूने शब्द दिला.

मग सगळ्या वाड्याने एका दिवसात पाट्या भरभरून माती आणली आणि खळगा भरला. पावसाळ्यात ती सारी वाहून गेली. लोकांनी नाद सोडला. ठकू मात्र खाली दूध घालून घाट चढताना रोज पदराच्या गाठीत मूठभर माती आणू लागली. ती पातळ पसरायची, वर लेंड्या टाकायची. गवताने ती धरल्याशिवाय त्या जागी दुसरी मूठ नाही. चढताना तिची कंबर धरायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची.

सासू विचारायची, "झाली का गं माझी जागा?"

"घोट्याएवढी झाली, आत्याबाई."

"म्हणजे नुसते पायच पुरतील. थांबते अजून."

पण म्हातारीच्याने थांबवले नाही. माती पोटरीला लागत होती तेव्हाच ती गेली. तिला खालीच न्यावे लागले. ठकू रडलीसुद्धा नाही, इतकी थकली होती. परत येताना तिने पुन्हा पदराला माती बांधली.

तिचा नवरा बिरू चिडला. "आता कुणासाठी? आई तर गेली."

"तुम्ही काय अमरपट्टा घेऊन आलाय?" ठकू म्हणाली आणि चढू लागली.

बिरू त्या साचणीतच पुरलेला आहे, असे सांगतात. ठकूही त्याच्या शेजारी आहे.

"आपण टाकतो ते भरणं," गेनूबाबा म्हणतात. "टाकल्यातलं जे राहतं, ते साचणं. तोवर माणूस दमतो."

आजही घाट चढून येणारा प्रत्येकजण, नवी नवरीसुद्धा, मूठभर माती तिथे पसरतो. आणि वाड्यावर कुणी गेले, तर खांदेकऱ्यांना घाट उतरावा लागत नाही.