काळा घ्यायचा की पांढरा?

माणसांचे व्हिडिओ गेम जंगलात नुकतेच पोचले होते, तेव्हाची ही गोष्ट. माकडाच्या दुकानात दोनच कन्सोल होते, एक काळा आणि एक पांढरा. भुरी अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन सकाळपासून तिथे ताटकळली होती.

"काळाच! सशाकडे तोच आहे," थोरला ओरडला.

"मुंगसाकडे पांढरा आहे. तोच भारी!" धाकट्याने पाय आपटला.

भुरीचं डोकं उठलं. "अरे, ते दोघे जिवलग मित्र ना? मग ते एकत्र कशावर खेळतात?"

"एकत्र नाही खेळत," धाकटा पुटपुटला. "याच भांडणापायी महिनाभर बोलतसुद्धा नाहीत."

भुरीने डोळे मिटले आणि पंजाला लागला तो कन्सोल उचलला.

"चला घरी. आणि वाटेत त्या दोघांनाही खेळायला बोलवा."