घाण्याचा घोडा आणि राणीचा हार

रथांच्या चाकांना तेल आणि सारथ्यांच्या मिशांना तूप लागत असे, त्या काळी नदीकाठच्या एका नगरीत एक सारथी राहत होता. रथ हाकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट नगरीत सगळ्यात आधी कुणाला ठाऊक होती म्हणाल, तर खुद्द त्यालाच.

त्याच्या रथाला दोन जनावरं होती. उजवीकडे उल्का नावाची घोडी, पांढरीशुभ्र. ती मान उंचावून धावू लागली की बघणारे तोंडात बोट घालत. डावीकडे होता भोवऱ्या. त्याचं सगळं तारुण्य एका तेलिणीच्या घाण्यावर गेलं होतं. डोळ्यांवर झापडं, मानेवर जू, आणि दिवसभर घाण्याभोवती गोल गोल फिरायचं. रंग मळकट, पोट सुटलेलं, आणि अंगाला तिळाच्या तेलाचा वास, तो किती धुतलं तरी जाईना. हातात पैसा नव्हता तेव्हा सारथ्याने त्याला रथाला जोडलं होतं, आणि मग तो तसाच राहून गेला.

दर वसंतात नगरीत रथांची शर्यत होई. मैदानाच्या दोन टोकांना दोन दगडी खांब होते. खांब डाव्या हाताला ठेवून वळायचं आणि तीन फेऱ्या मारायच्या. जो पहिला येईल त्याला राणी स्वतःच्या हाताने मोगऱ्याचा हार देई. हार एकच. जिंकणाऱ्याने तो स्वतःच्या गळ्यात घालायचा नाही. ज्या घोड्यामुळे आपण जिंकलो असं वाटेल त्याच्या गळ्यात घालायचा, अशी तिथली रीत होती.

आपला सारथी ओळीने चार वर्षं जिंकला. चारही वेळा त्याने हार उल्केच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोवऱ्या शेजारी उभा राहून फुलांचा वास घेई आणि शिंके.

सारथ्याच्या मनात मात्र वेगळंच होतं. लहानपणापासून त्याची एकच इच्छा होती, राणीच्या रथावर बसायचं. राणीचा सारथी आता म्हातारा झाला होता, त्याच्या जागी कुणीतरी लागणारच होतं. हार घालून झाला की हा हात जोडून आशेने उभा राही. राणी हाराकडे बघे, घोड्यांकडे बघे, आणि हसून म्हणे, "छान. पुढच्या वर्षी बघू."

चौथ्यांदा हे ऐकल्यावर सारथी तणतणत घरी आला.

"कळलं मला!" तो बायकोला म्हणाला. "राणीसाहेबांना तो तेलकट घोडा डोळ्यांत खुपतो. असलं ध्यान जोडलेला सारथी राजवाड्यात कोण घेईल?"

"राणीसाहेब तसं म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला हवं? मला डोळे आहेत ना!"

"आहेत की," बायको म्हणाली. "पण ते कायम उजवीकडेच असतात."

सारथ्याने तिकडे दुर्लक्ष केलं. वर्षभर काटकसर करून त्याने सौदागराकडून एक नवा घोडा आणला. नाव वादळ, रंग पांढरा, आणि पाय असे की जमिनीला लागतात की नाही याची शंका यावी. भोवऱ्याला त्याने पुन्हा तेलिणीच्या दारात नेऊन बांधलं. सारथी निघाला तेव्हा भोवऱ्या मान वळवून बघत होता, पण सारथ्याने मागे बघितलं नाही.

शर्यतीआधी मैदानात चाक घालायला बंदी होती. म्हणून सराव चालला नदीकाठच्या रस्त्यावर, जो नाकासमोर सरळ जात होता. त्या रस्त्यावर उल्का आणि वादळ अशी काही धावली की सारथ्याचं मुंडासं दोनदा नदीत पडलं. "आता ती जागा माझीच!" तो घरी येऊन म्हणाला. बायकोने मुंडासं पिळून वाळत घातलं.

शर्यतीचा दिवस उजाडला. सकाळी प्रत्येक रथाने एक फेरी मारून दाखवायची असे. ज्याला खांबाला वळसा घालता येई, त्यालाच दुपारच्या शर्यतीत उभं राहता येई. सारथ्याने लगाम सैल सोडले. दोन्ही घोडे सुसाट सुटले. खांब जवळ आला. सारथ्याने डावा लगाम ओढला. उल्केला पळायचं होतं, वादळलाही पळायचं होतं, वळायचं कुणालाच नव्हतं. खांब मागे राहिला आणि रथ सरळ लाह्यावालीच्या पालात घुसला.

आकाशातून लाह्यांचा पाऊस पडला. सारथी पालाखालून बाहेर आला तेव्हा तुपाने चोपडलेल्या मिशांना लाह्या चिकटल्या होत्या. सगळं मैदान पोट धरधरून हसत होतं.

"दुसरे घोडे जोडून पुन्हा फेरी दाखवता येईल," पंच हसू दाबत म्हणाला. "पण सूर्य कलायच्या आत."

सारथी रडकुंडीला आला. "एवढे दोन वारे जोडले, आणि एक खांब मला वळता येऊ नये?"

"अहो, सगळेच पळायला लागल्यावर वळणार कोण?" बायको त्याच्या मिशांतल्या लाह्या वेचत म्हणाली. "जा आता. कुठे जायचं ते तुम्हाला ठाऊक आहे."

सारथी धावत तेलिणीच्या घरी पोहोचला. भोवऱ्या घाण्याभोवती फिरत होता, हळूहळू, पण लाकडाला अगदी धरून.

"मावशी, माझा घोडा मला परत दे!"

"घेऊन जा की," तेलीण म्हणाली. "पण घाणा भरलाय. मध्येच थांबला तर तीळ वाया जातील, आणि संध्याकाळी देवळात दिव्यांना तेल द्यायचंय. घोडा नेलास तर ओढणार कोण?"

सारथ्याने आकाशाकडे बघितलं. मग घाण्याकडे. मग मुकाट्याने भोवऱ्याच्या मानेवरचं जू काढलं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

त्याला वाटलं होतं, गोल फिरण्यात काय मोठंसं? पहिल्याच फेऱ्यांत त्याचं डोकं गरगरू लागलं. जोर केला की पाय आपोआप बाहेर जात, आणि लाकूड करकरून ओरडे.

"अरे, बाहेर कुठे पळतोस?" तेलीण ओरडली. "आत धर! घाण्याला अंग लावून चाल!"

आत धरणं किती अवघड असतं, ते सारथ्याला तेव्हा कळलं. पळण्याची हौस मारायची, सगळा भार एका खांद्यावर घ्यायचा, आणि तरी चालत राहायचं. हे काम भोवऱ्याने चार शर्यतींत प्रत्येक खांबापाशी केलं होतं, तेही उल्केसारखी उधळी घोडी शेजारी ओढत असताना. सारथ्याला मनापासून लाज वाटली. भोवऱ्या मात्र सावलीत उभा राहून पेंड खात मजा बघत होता.

तेल निघालं. सारथी घामाने निथळत, लंगडत भोवऱ्याजवळ गेला. "चुकलो रे बाबा," तो म्हणाला. "येशील ना?" भोवऱ्याने उरलेली पेंड आधी संपवली, आणि मग निघाला.

सूर्य कलायच्या आत फेरी दाखवून झाली आणि शर्यत सुरू झाली. सरळ वाटेवर दोन रथ त्यांच्या पुढे गेले. लोक ओरडले, "गेला, गेला! तेलकट घोडा मागे पडला!" पण प्रत्येक खांबापाशी इतरांचे रथ लांबून फिरत, आणि भोवऱ्या कान पाडून खांबाला असा धरून वळे की चाकाची आणि दगडाची जेमतेम चुकामूक होई. शेवटच्या वळणावर पुढचे दोन्ही रथ बाहेर गेले. आतल्या बाजूने आपला सारथी सटकला, आणि पहिला आला.

राणीने हार दिला. "उल्का! उल्का!" लोक ओरडू लागले. उल्केने सवयीने मान पुढे केली. सारथ्याने तिची मान प्रेमाने थोपटली, रथाला वळसा घालून तो डावीकडे गेला आणि हार भोवऱ्याच्या गळ्यात घातला.

भोवऱ्याने मोगरा हुंगला. या वेळी शिंक आली नाही. त्याने हाराचं टोक तोंडात धरलं आणि शांतपणे चघळायला सुरुवात केली.

राणी खदखदून हसली. "सारथ्या, चार वर्षं मी याच हाराची वाट बघत होते."

"म्हणजे तुम्हाला माझा घोडा खुपत नव्हता?"

"घोडा नाही, हार खुपत होता. सरळ रस्त्यावर कुणीही रथ पळवेल. पण वळणावर आपल्याला कोण सांभाळतं, हे ज्याला दिसत नाही, त्याच्या हाती मी माझा रथ कसा देऊ? उद्यापासून ये. आणि या दोघांनाही घेऊन ये."

सारथ्याने हात जोडले. त्याच्या खांद्यावर जुवाचा लाल वळ उमटला होता आणि अंगाला तिळाच्या तेलाचा वास येत होता. पुढे राणीच्या रथालाही तोच वास येऊ लागला, पण राजवाड्यात त्याबद्दल कुणी नाक मुरडलं नाही.

तात्पर्य: पळणारा सगळ्यांना दिसतो, वळणावर धरून ठेवणाऱ्याकडे आपणहून बघावं लागतं. म्हणून हार घालण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूलाही बघून घ्यावं.