तीन पायांची रानकुत्री आणि तिचा दयाळू कळप

एका डोंगराळ जंगलात एक रानकुत्री आपल्या कळपाबरोबर राहत असे. कोणा माणसाने लावलेल्या तारेच्या फासात तिचा पुढचा पाय अडकला. पाय गेला, पण जीव वाचला. जखम भरल्यावर ती तीन पायांवर चालू लागली, पळूही लागली. इतरांपेक्षा थोडी मागे पडायची, एवढेच.

मुलांनो, या कळपाची एक रीत होती. शिकारीला निघण्याआधी सगळे पहाटे एकत्र जमत आणि एकमेकांच्या नाकाला नाक लावत. ज्याच्या नाकाला नाक लागले, तो त्या दिवशीच्या कामात धरला जाई. पाय तुटल्यापासून या रानकुत्रीच्या नाकाला नाक लावायला कोणी येईना. तिचा कोणी दुस्वास करत होते असे नाही. शिकार झाली की तिच्यासाठी मांसाचा तुकडा न चुकता आणला जाई, आणि तो तिच्यापुढे टाकताना आपला कळप किती दयाळू आहे, हेही तिला ऐकवले जाई. ‘पिल्लांना वास ओळखायला शिकवते,’ असे तिने सुचवून पाहिले, तर तुझा पाय बघून पिल्ले घाबरतात, असे त्यांच्या आयांनी सांगितले. पिल्ले मुळीच घाबरत नव्हती, तिच्या अंगावर लोळत होती. पण पिल्लांना कोण विचारतो?

शेवटी ती कळपाच्या म्होरक्याकडे गेली. म्हणाली, “दादा, मला सांबरामागे धावायचं नाही. तुम्ही सांबर डोहात उतरवता आणि ते पलीकडच्या काठाने निसटून जातं. त्या काठावर मला उभी करा. उभं राहायला तीन पाय पुरतात.”

म्होरक्याने तिला प्रेमाने समजावले. “अगं, तुला इथे काय कमी आहे? आयतं मिळतंय, खा आणि सावलीत पडून राहा. उद्या तुला काही झालं, तर सगळं रान मला नावं ठेवील.”

“आयतं नको, म्हणूनच आलेय,” ती म्हणाली. तोवर म्होरक्या जांभई देऊन वळलाही होता.

मग तिने कोणाला विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी कळप निघाला, तशी ती आडवाटेने जाऊन पलीकडच्या काठावर उभी राहिली. सांबर पाण्यातून वर येऊ लागले, तेव्हा मानेवरचे केस पिंजारून ती अशी काही गुरगुरली की ते जागीच थबकले, माघारी फिरले आणि कळपाच्या तावडीत सापडले. त्या दिवशी सगळ्यांची पोटे भरली.

मग तिचा सत्कार झाला. सत्काराची जागा होती एक उंच खडक. तिला तो चढता येईना, म्हणून दोघांनी तिला मानगुटीला धरून वर ओढले. म्होरक्या बोलला, म्हातारे बोलले. हिची जिद्द पाहून चार पायांच्यांनी लाजावे, असे एकाने सांगितले, तेव्हा काहींचे डोळेही पाणावले. तिला मात्र बोलायला कोणी सांगितले नाही. तिनेच मध्ये तोंड घालून विचारले, “मग उद्यापासून मला घ्याल ना?” सगळे कौतुकाने हसले. म्होरक्या म्हणाला, “उद्याचं उद्या बघू. आज तुझा दिवस आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सर्वांच्या आधी येऊन उभी राहिली. नाकाला नाक लावत एकेक जण पुढे सरकत होता. तिची सख्खी धाकटी बहीण तिच्यासमोर आली, क्षणभर थांबली. म्होरक्या आपल्याकडे बघतो आहे, हे तिच्या लक्षात आले आणि तीही मान खाली घालून पुढे गेली.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. डोह आटला, सांबरे निघून गेली. कळपानेही दूरच्या जंगलात जायचे ठरवले. ज्याचे काम मोठे, त्याला बरोबर नेण्याचा विचार आधी झाला. जिला कधी काम दिलेच नव्हते, ती आता सगळ्यांना ओझे वाटू लागली. तिच्यासाठी आणला जाणारा तुकडा तर केव्हाच बंद झाला होता. निघताना म्होरक्या तिला म्हणाला, “वाट लांबची आहे, तुला झेपायची नाही. आम्ही पोचलो की आपली नेहमीची हाकेची शीळ घालू, मग तू सावकाश ये.”

“तिथली शीळ इथे ऐकू कशी येईल, दादा?” तिने विचारले.

“वारा चांगला असला की येईल,” म्होरक्या म्हणाला आणि चालू लागला. ती बराच वेळ त्यांच्या मागून गेली. कोणी पाऊल आवरले नाही. पहिल्या चढावर कळप दिसेनासा झाला आणि ती खाली बसली.

नव्या जंगलात कळपाचे बस्तान बसले. एकदा तिथल्या एका कोल्ह्याने विचारले, “तुमच्यात तीन पायांची एक होती म्हणे?” म्होरक्याने सुस्कारा टाकला. “होती. फार मानी. आम्ही किती विनवलं, पण ती स्वतःहूनच मागे राहिली.” हे ऐकून सगळा कळप माना खाली घालून उभा राहिला. धाकट्या बहिणीनेही मान खाली घातली.

त्या वेळी ती रानकुत्री जिवंत होती. सगळी हाडे वर आलेल्या अंगाने त्याच चढावर बसून, कान टवकारून ती चांगला वारा सुटायची वाट बघत होती.

तात्पर्य : अपंगाला कामात, शाळेत आणि बैठकीत जागा न देता नुसता घास आणि सत्कार देणारे लोक दयाळू नसतात, टंचाई आली की सर्वांत आधी कोणाला सोडायचे, हे त्यांनी फार पूर्वीच ठरवलेले असते.