एकोणपन्नास अंकांची पट्टी

आडवणे नावाच्या गावात धुंडिराज नावाचा एक भोळा शिष्य होता. गुरूचा शब्द त्याने आयुष्यात कधी मोडला नव्हता. म्हणूनच गुरू त्याला भीत असत.

गुरू विश्वंभरशास्त्री यांनी तीस वर्षे खपून एक संख्या सिद्ध केली होती. एकोणपन्नास अंकांची. तिला एकापासून एकशे दहापर्यंत कोणत्याही संख्येने भागावे, शेष शून्य. आणि हा गुण असलेली याहून लहान संख्या नाही. ती एका लांब कागदी पट्टीवर लिहिलेली होती. नक्कल नव्हती. संस्थानच्या पंडितसभेने ती मान्य केली तर पाठशाळा टिकणार होती. नाही तर त्या जागी हत्तीखाना व्हायचा होता.

शास्त्रीबुवांनी धुंडिराजाला पहिला पाठ दिला. "दोनने भाग जातो का, हे कळायला सगळी संख्या पाहू नये. शेवट तेवढा पाहावा."

दुसऱ्या दिवशी त्याला दुभती गाय निवडायला बाजारात धाडले. त्याने बैल आणला.

"अरे, हा बैल आहे!"

"मी शेपूट तेवढे पाहिले, गुरुजी. उत्तम होते. आपणच सांगितलेत."

"तो नियम दोनचा रे! आता तीनचा ऐक. सगळे अंक एकत्र करावेत, बेरीज घ्यावी. क्रम कसाही असो, बिघडत नाही."

त्याच सकाळी गुरुपत्नी म्हणाल्या, "धुंडिराजा, भात, आमटी आणि खीर चुलीवर आहे. जरा बघशील ना?" त्याने बघितले. मग तिन्ही एका पातेल्यात ओतली आणि वर लोणचे घातले.

"मेल्या, हे काय केलंस?"

"बेरीज, काकू. गुरुजींनीच सांगितले."

शास्त्रीबुवांनी कपाळाला हात लावला. "तो तीनचा नियम! अकराचा निराळा. एक अंक मिळवावा, पुढचा वजा करावा, शेवटपर्यंत तसेच."

एकादशीच्या पारण्याला बावीस पाने मांडली होती. जिलबीचा दुसरा फेरा वाढायला धुंडिराज. त्याने पहिल्याच्या पानात जिलबी वाढली, दुसऱ्याच्या पानातली उचलली. तिसऱ्याला वाढली, चौथ्याची उचलली. पंगतीत आरडाओरडा झाला.

"गुरुजी, शून्य आले!" तो आनंदाने ओरडला. "पंगतीला अकराने भाग जातो."

सभेचा दिवस उजाडला आणि शास्त्रीबुवांचा गुडघा धरला. निरुपाय म्हणून त्यांनी पट्टी धुंडिराजाच्या हाती दिली. "तिथे बडबडू नकोस. विचारतील त्या संख्येने भागून दाखव. शेष ठेवू नकोस."

सभेत सात पंडित होते. एकालाही एवढी संख्या वाचता येत नव्हती, त्यामुळे सगळे गंभीर होते. अध्यक्षांनी विचारले, "सातने भाग जातो काय?"

धुंडिराज बडबडला नाही. त्याने बोरू तासायचा चाकू काढला, पट्टीचे सात सारखे तुकडे केले आणि प्रत्येक पंडिताच्या हातावर एकेक ठेवला. मग रिकामे हात दाखवले. शेष शून्य.

सभा खवळली. संख्येसाठी नव्हे.

"माझ्या तुकड्याच्या शेवटी दोन शून्ये?" अध्यक्ष गरजले. "आणि या कनिष्ठाच्या तुकड्यात एकही नाही? हा अपमान आहे! उद्या सकाळपर्यंत पट्टी जोडून आण, नाही तर हत्ती येईल."

धुंडिराजाने तुकडे गोळा केले, खळ लावून वाटेतच घट्ट चिकटवले आणि पट्टी गुरूंपुढे ठेवली. शास्त्रीबुवा पाहतच राहिले. दोन शून्ये मधोमध आली होती.

"अरे, कोणता तुकडा कुठे होता, आठवते का?"

"नाही, गुरुजी."

"सात तुकडे पाच हजार चाळीस प्रकारे लागतात रे! माझी तीस वर्षे गेली!"

"कुठे गेली?" धुंडिराजाने त्यांचा हात हाती घेतला. "क्रम कसाही असो, बिघडत नाही. आपणच सांगितलेत. तीनने भागून तर पाहा."

शास्त्रीबुवांनी अंकांची बेरीज केली.

तीनने भाग जात होता.

हत्ती सकाळी आला.