तुराट्यांचा खड्डा

"मग राख कशी झाली, माय?"

कमलाकर मास्तर खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. पत्रा बाजूला पडला होता. आत पांढरी, भुरभुरीत राख.

मैनामाय तुराट्या मोडत राहिली.

पूर्णेकाठच्या त्या मठात ती चाळीस वर्षं राहत होती. शिवारातले लोक तूर झोडपून झाली की उरलेल्या वाळक्या तुराट्या शेताच्या धुऱ्यावर पेटवून मोकळे होत. माय त्या पेटवण्याआधीच मागून आणायची. खड्ड्यात रचायची, वरून पेटवायची, आणि जाळ बसू लागला की पत्रा टाकून कडा मातीनं लिंपायची. तीन दिवसांनी कोळसा निघे. थोडा कुटून माठात भरला की त्यातून विहिरीचं पिवळट, वास मारणारं पाणी निवळून येई. उरलेला शेणखतात मुरवून लोकांच्या वावरात जाई.

मास्तर बावीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून इथं आले होते. त्यांना शांती हवी होती, आणि ती लवकर हवी होती.

मायला अक्षरओळख नव्हती. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तिला नीट समजावलं होतं. हवा लागली तर राख, हवा तोडली तर कोळसा. कोळशात डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं असतात, पाण्यातला रंग नि वास तिथं जाऊन चिकटतो.

"बरं झालं सांगतलं," माय म्हणाली होती. मग तिनं अट घातली. "तुह्या हातचा कोयसा निघन, त्या दिवशी अनुग्रह देईन."

हा तिसरा खड्डा होता. तिन्ही वेळा राख.

रोज सकाळी जपावरून उठले की मास्तर विचारत, "आज मन कालच्यापेक्षा स्थिर होतं, माय. म्हणजे मी पुढे सरकलो ना?"

माय गाईला चारा टाकायला निघून जाई.

"पत्रा वाकडा असावा," मास्तर आता म्हणाले. "नाहीतर मातीच भुसभुशीत."

माय उठली. खड्ड्याच्या कडेला राहिलेल्या लिंपणावरून बोट फिरवत गेली. एका जागी बोट थांबलं. बाकीची माती वाळून तडकली होती, तिथली अजून ओलसर होती.

...

"काल उचलला," मास्तर म्हणाले. "चार बोटंच. मग लिंपून टाकला."

"काहून?"

"झाला की नाही ते बघायला."

"मंग? दिसलं?"

"काळाभोर होता, माय. अगदी तयार होता."

वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांना रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली. तिन्ही वेळा त्यांनी हेच केलं होतं. हवेचं काय होतं हे त्या मठात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

 मोडलेल्या तुराट्यांचा भारा मायनं पायानं त्यांच्याकडे सरकवला.

मास्तरांनी राख उपसली. तुराट्या उभ्या-आडव्या रचल्या. दुपार कलल्यावर पेटवल्या. जाळ खाली बसू लागला तसा पत्रा ओढला आणि स्वतःच्या हातांनी कडा लिंपल्या. एक भेग राहिली होती, तिथून धूर येत होता. तीही बुजवली.

धूर थांबला.

माय शेजारी येऊन बसली. दोघंही बंद खड्ड्याकडे बघत राहिली. नदीकडून वारा येत होता. मास्तरांचे चिखलानं भरलेले हात मांडीवर पडून होते. ते धुवावेत असंही त्यांच्या मनात आलं नाही. कितीतरी वेळ काहीच मनात आलं नाही.

...

मग त्यांना ते जाणवलं. फार बरं वाटलं.

"माय," ते हळूच म्हणाले, "आत्ता माझं मन अगदी शांत आहे."

माय गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"उचलला न तू पत्रा."