पायातली जीभ

घरांना अंगणं होती आणि अंगणांना कुंपणं नव्हती, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. अशाच एका अंगणातल्या कढीलिंबावर, म्हणजे आपल्या कढीपत्त्यावर, एक सुरवंट वाढला. समोरच्या ओटीवर पंगत बसे. अन्नाला चुकून पाय लागला, की माणसं हात जोडत. सुरवंट पानं खाता खाता हे सगळं बघत असे.

पुढे त्याची फुलपाखरीण झाली. पंख फुटले, तरी ते वळण अंगात राहिलंच.

अंडी घालायची वेळ आली. कढीलिंबावर तिला शेजारची फुलपाखरीण मावशी दिसली. मावशी पानावर उतरे, पाय आपटून बघे, एकच अंडं घाली आणि पुढच्या पानावर जाई.

"मावशी, अन्नाला पाय लावता? कुठं फेडाल हे पाप?"

"अगं, आपली जीभच पायात आहे, त्याला मी काय करू?" मावशी म्हणाली. "चव घेतल्याशिवाय पान कळायचं कसं? आणि एका पानावर एकच घाल हो. बाळं जन्मतःच खादाड असतात."

फुलपाखरीण मनात हसली. पान तर तिला नुसतं बघून ओळखू येत होतं. शेजारी तसंच कोवळं, तसंच हिरवंगार रोप होतं. पाय टेकू न देता, अधांतरी फडफडत, तिने एकाच शेंड्यावर घाईघाईने आठ अंडी चिकटवली.

ते रोप कडुलिंबाचं होतं.

तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. मोहरीएवढी बाळं पानाला तोंड लावत आणि मान फिरवत. आईला त्यांना उचलता येईना. संध्याकाळपर्यंत सात बाळं गळून पडली. आठवं मात्र चालत राहिलं. कढीलिंबाची एक डहाळी कडुलिंबाला टेकली होती, तिथून ते पलीकडे गेलं आणि कुरतडू लागलं.

आईच्या पोटात अजून अंडी होती. ती थेट मावशीकडे गेली.

"मावशी, पाय कसे आपटायचे ते दाखवा."

आता पाप नाही का लागणार, अशी मावशीने थोडी थट्टा केली आणि मग शिकवलं.

फुलपाखरीण पानावर उतरली. आधी तिने दोन्ही पंख जोडून पानाची माफी मागितली. मग खुशाल पाय आपटले. एका पानावर एकच अंडं.

त्या साली अंगणात इतकी फुलपाखरं उडाली, की पंगतीतली माणसं हातात घास धरून बघत राहिली.

लहानांनो आणि मोठ्यांनो, लेकरांना उपाशी ठेवणारं वळण कितीही चांगलं दिसो, ते आजच सोडावं.