फुसफुस घुंगरू आणि तात्यांचं "नंतर"

ऐका बरं! मांडी घाला. तोंडातलं बोट काढा.

एका स्वयंपाकघरात एक ओटा. ओट्यावर एक फोन. फोनात राहायचं एक घुंगरू. इवलंसं, पिटुकलं. त्याच्या पोटात होती एक गोळी. म्हणून तर ते वाजायचं, छुन छुन!

फोन होता तात्यांचा. तात्यांची नात जुई राहायची दूरगावी. रोज सकाळी जुई फोन करायची. घुंगरू वाजायचं, छुन छुन! तात्या धावायचे. "आलो गं, आलो!" मग गप्पाच गप्पा.

एके दिवशी काय झालं, फोनच्या भिंतीला भोक पडलं. तिळाएवढं. आठवड्याने एका सकाळी त्यातून शिरला एक उंदीर. उंदीर तिळाहून बारीक! हसू नका, असतात असे. सुळकन आला. कुर्र कुर्र. घुंगराची गोळी उचलली, गालात कोंबली आणि पसार!

घुंगराने उडी मारली. फुस! पुन्हा मारली. फुस फुस! घुंगराला रडूच फुटलं. "जुईचा फोन आला, तर तात्यांना कळणार कसं?"

रडून काय होणार? घुंगरू निघालं. गडगड गडगड. फुस फुस.

दारात बसलं होतं एक ठिगळ. नवं कोरं! दूर कुठेतरी एक शिंपीणबाई आहेत. त्या फोनांची भोकं शोधतात. ठिगळं शिवतात. घरोघरी पाठवतात. हे ठिगळ त्यांचंच.

घुंगरू म्हणालं, "ठिगळराव, ठिगळराव! उंदराने नेली माझी गोळी. आता मी वाजू कसं? तुम्ही भोकावर बसा ना!"

ठिगळराव फुगून बसले होते. "पाच दिवस झाले मला येऊन! रोज विचारतो, 'तात्या, बसू का?' तात्या म्हणतात, 'नंतर!' आता फोन निजेल, तर बसेन. जागा असताना मी चिकटत नाही. जा!"

घुंगरू निघालं. गडगड गडगड. फुस फुस. गेलं फोनकडे.

"फोनराव, फोनराव! उंदराने नेली माझी गोळी. ठिगळ बसेना. आता मी वाजू कसं? तुम्ही जरा निजा ना!"

फोन म्हणाला, "पोटात कावळे कोकलतायत माझ्या! उपाशीपोटी कोण निजतं? वायर जेवू घालेल, तर निजेन. जा!"

घुंगरू निघालं. गडगड गडगड. फुस फुस. गेलं वायरकडे.

"वायरताई, वायरताई! उंदराने नेली माझी गोळी. ठिगळ बसेना. फोन निजेना. आता मी वाजू कसं? तू फोनला जेवू घाल ना!"

वायर म्हणाली, "कशी घालू? बोर्डात जागा एकच. तिथे मिक्सर ठाण मांडून बसलाय. तो उठेल, तर येईन. जा!"

घुंगरू निघालं. गडगड गडगड. फुस फुस. गेलं मिक्सरकडे.

"मिक्सरदादा, मिक्सरदादा! उंदराने नेली माझी गोळी. ठिगळ बसेना. फोन निजेना. वायर येईना. आता मी वाजू कसं? तू जरा ऊठ ना!"

मिक्सर म्हणाला, "घर्रर्र! चटणी झाल्याशिवाय मी उठत नाही. मिरची आली. कोथिंबीर आली. खोबऱ्याचा पत्ताच नाही. नारळ फुटेल, तर उठेन. जा!"

घुंगरू निघालं. गडगड गडगड. फुस फुस. गेलं नारळाकडे.

"नारळभाऊ, नारळभाऊ! उंदराने नेली माझी गोळी. ठिगळ बसेना. फोन निजेना. वायर येईना. मिक्सर उठेना. आता मी वाजू कसं? तू जरा फूट ना!"

नारळाने शेंडी हलवली. "आपणहून फुटू? शहाणंच आहेस की! तात्या फोडतील, तर फुटेन. जा!"

घुंगरू दमलं बाई! तरी निघालं. गडगड गडगड. फुस फुस. गेलं तात्यांकडे.

तात्या बसले होते खुर्चीत. नजर फोनवर. जागचे हालत नाहीत.

"तात्या, तात्या! उंदराने नेली माझी गोळी. ठिगळ बसेना. फोन निजेना. वायर येईना. मिक्सर उठेना. नारळ फुटेना. आता मी वाजू कसं? तुम्ही जरा उठा ना!"

तात्या म्हणाले, "नंतर, नंतर! जुईचा फोन यायचाय. फोन वाजेल, तर उठेन. जा!"

आणि मग हळूच म्हणाले, "नऊ वाजून गेले. अजून पोरीने फोन केला नाही. विसरली वाटतं तात्याला." तात्यांनी डोळे पुसले.

ते बघून घुंगराला कसंतरीच झालं. ते तात्यांच्या तळहातावर चढलं. उडी मारली. फुस! पुन्हा मारली. फुस फुस!

"तात्या, जुई नाही विसरली! मी वाटेत असतानाच तीनदा फोन आला. तीनदा मी उडी मारली. पण पोटात गोळीच नाही! मी वाजत नाही, म्हणून तुम्ही उठत नाही. तुम्ही उठत नाही, म्हणून मी वाजत नाही. मग व्हायचं कसं?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! ठिगळ पाच दिवस दारात, आणि मी आपला 'नंतर, नंतर' करत बसलो! पोर तिकडे वाट बघत असेल."

तात्या टुणकन उठले.

तात्यांनी नारळ फोडला, फट्! खोबरं मिक्सरात पडलं, घर्रर्र घर्रर्र! चटणी झाली. मिक्सर उठला. वायर आली, खट्! फोन जेवला, गुटुक गुटुक. पोट भरलं. फोन निजला, घुर्र घुर्र.

ठिगळराव उठले. भोकाकडे निघाले.

आणि तेवढ्यात कोण यावं? तोच उंदीर! चोर कुठला! भोकातून नाक आत घातलं. आता काय नेऊ? कुर्र कुर्र.

ठिगळराव बसले, थाप्! नेमके उंदराच्या नाकावर!

"चीं!" उंदराने तोंड उघडलं. गोळी पडली आत, टप! उंदीर पडला बाहेर, धप! भोक बंद. जा आता, बस नाक चोळत!

घुंगराने गोळी पोटात घातली. फोन जागा झाला. आणि काय सांगू?

छुन छुन! छुन छुन! छुन छुन!

"आलो गं, आलो!" तात्या धावले.

"तात्याऽऽ! कधीची फोन करतेय! मला वाटलं, तुम्ही रुसलात."

"तुझ्यावर रुसेन होय गं, बाळा?" तात्या हसत होते आणि रडतही होते.

गप्पा झाल्या. मग घुंगरू निघालं. गडगड गडगड. छुन छुन! ज्याच्या त्याच्याकडे गेलं. "नारळभाऊ, तू फुटलास. मिक्सरदादा, तू उठलास. वायरताई, तू आलीस. फोनराव, तुम्ही निजलात. ठिगळराव, तुम्ही बसलात. म्हणून मी वाजलं. फार बरं केलंत!"

ठिगळरावांचा फुगा कधीच उतरला होता. ते लाजले.

तात्या म्हणाले, "आणि त्या शिंपीणबाई? त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांनी मला पाहिलं नाही. तरी माझ्या फोनचं भोक त्यांनी शोधलं, आणि न मागता ठिगळ पाठवलं. सुखी राहा हो, बाई!" तात्यांनी हात जोडले.

मग आता भोकं पडायची थांबली का? छे! परवाच दुसरं पडलं. भोकं काय, पडतातच. शिंपीणबाईंनी लगेच दुसरं ठिगळ पाठवलं. ते दारात उभं राहिलं. म्हणालं, "तात्या, बसू का?"

तात्यांच्या तोंडात आलंच होतं, "नं..."

तात्यांनी जीभ चावली. पटकन फोनला वायर लावली. म्हणाले, "या, या! आत्ता बसा! आणि बाईंना माझा नमस्कार सांगा."

गोष्ट माझी शिवून झाली, सुई डबीत निजायला गेली!